नाशिकमध्ये आख्खं डुक्कर पेटीत भाजणं: निखारे वर, मांस खाली

मखमलाबादकर

मंडळी, भट्टी-मटणाच्या धाग्यावर काही जणांनी विचारलं होतं की कोळसा वर ठेवून आख्खं डुक्कर भाजायची पेटी नेमकी कशी चालते आणि नाशिकात ती बनवून मिळेल का. तिथे विषयांतर व्हायला लागलं म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबलाय, पण अर्धवट माहितीवर कुणी पंचवीस किलोचं जनावर आणून वाया घालवू नये असं मनापासून वाटतं. शेवटी एक जीव गेलेला असतो.

आधी पेटी. ही क्यूबन लोकांची पद्धत. लाकडाची किंवा जाड प्लायची आयताकृती पेटी, आतून पत्रा मारलेला आणि वर काठ असलेल्या ट्रेसारखं पत्र्याचं झाकण. कोळसा पेटीत जात नाही, तो त्या झाकणावर पसरायचा. मांस खाली, बंद पेटीत. झाकणाचा पत्रा तापला की त्याची धग सरळ खाली मांसावर पडते, आणि जी बाजूंना जाते ती आतल्या चकचकीत पत्र्यावरून परत मांसाकडे वळते. विस्तव वर असल्यामुळे चरबी त्यावर गळायचा प्रश्नच नाही. म्हणून भडका उडत नाही, आणि सळईवर भाजताना कुणालातरी दिवसभर फिरवत बसावं लागतं तेही नाही. वाफ आतच कोंडून राहते, त्यामुळे मांस सुकत नाही. बत्तीस किलोपर्यंतचं साफ केलेलं जनावर साधारण चार तासांत होतं. सळईवर याच्या दुप्पट वेळ सहज जातो.

पेटी सोपी आहे. अवघड आहे ते जनावर नीट निवडणं, कातडी कोरडी करणं आणि झाकण न उघडणं. माझा सगळा जोर याच तीन गोष्टींवर आहे.

जनावर: पांढऱ्या यॉर्कशायर जातीचं, बंदिस्त गोठ्यात खाद्यावर वाढवलेलं घ्या. गावात मोकाट फिरणारं अजिबात नको, मग ते कितीही स्वस्त मिळो. आतडी वगैरे काढून पंचवीस किलो भरेल असं सांगा, म्हणजे जिवंत वजन साधारण पस्तीस किलो. कच्च्या वजनाचं माणशी पाऊण किलो धरलं तर तीस-बत्तीस पानं आरामात उठतात. खाटकाला तीन गोष्टी आधीच बजावा. एक, कातडी काढायची नाही. दोन, केस गवताच्या जाळावर किंवा ब्लो लॅम्पने जाळायचे नाहीत. साठ-पासष्ट अंशांच्या पाण्यात बुचकळून ते खरवडायचे. जाळलेल्या कातडीचा कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. तीन, पोटाच्या बाजूने कण्याला आतून चीर द्यायची, पण पाठीची कातडी अखंड ठेवायची, म्हणजे जनावर पुस्तकासारखं उघडून सपाट पडतं. सपाट पडलं नाही तर वरून येणारी धग मांडीला एक मिळते आणि बरगडीला दुसरी.

मुरवण: क्यूबन लोक आंबट संत्र्याचा रस, लसूण, ओरेगॅनो, जिरं आणि मीठ वापरतात. ते आंबट संत्रं इथे मिळत नाही. दोन भाग मोसंबी-संत्र्याचा रस आणि एक भाग लिंबाचा रस घेतला की काम भागतं. ईडलिंबू मिळालं तर फारच उत्तम. जिरं आणि लसूण तर आपलंच. दोन लिटर द्रावणाला सव्वाशे ग्रॅम मीठ घाला आणि सगळं पातळ मलमलच्या कापडातून दोनदा गाळून घ्या, नाहीतर सुई तुंबते. सुई म्हणजे जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळणारी मोठी, नवी, न वापरलेली सिरिंज. मांडी आणि खांद्यात दोन-दोन इंचांवर टोचा, पण नेहमी आतल्या बाजूने. कातडीला भोक पडलं की रस तिथूनच गळतो आणि तेवढा भाग कुरकुरीत होत नाही. वरून आतल्या अंगाला खडे मीठ चोळा.

हे रात्रभर थंड ठेवावं लागतं, आणि इथे आपल्याकडे सर्रास एक गैरसमज आहे. निफाडला पारा किती उतरतो ते आपण दर हिवाळ्यात पेपरात वाचतो, म्हणून "बाहेर ओट्यावर ठेवलं तरी चालतं" असं लोक म्हणतात. चालत नाही. मांसाला पाच अंशांच्या खाली ठेवायचं असतं, तेही सलग. नाशिकची रात्र दहा अंशांची असली तरी संध्याकाळ अठराची असते. मोठ्या टाकीत बर्फ भरा, मांस प्लास्टिकच्या जाड पिशवीत गुंडाळून त्यात ठेवा, वरूनही बर्फ घाला. आइस फॅक्टरीतून लादी आणली की पुरते.

सकाळी बाहेर काढल्यावर कातडी कापडाने पुसा, मग कोरड्या कापडाने पुन्हा पुसा, आणि अर्धा तास वाऱ्यावर ठेवून परत पुसा. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त महत्त्वाचं आहे.

भाजणं: दोन जाळ्यांच्या मध्ये जनावर ठेवून चारी कोपऱ्यांना हुक लावा. पहिल्यांदा बरगड्या वर, कातडी खाली. खाली चरबी साठायला ट्रे. तारेवाल्या थर्मामीटरचं टोक मांडीच्या सगळ्यात जाड भागात खुपसा, हाडाला टेकू देऊ नका. तार बाहेर काढून झाकण लावा. झाकणावर जाळी ठेवून तिच्यावर सात किलो कोळसा, दोन ढीग करून. पेटून वर राखेचा पांढरा थर आला की पसरा आणि तिथून वेळ मोजायला सुरुवात करा. एक तास झाला की चार किलो, दोन तास झाले की चार, तीन झाले की चार. झाकण उघडायचं नाही. वास सुटतो, पाहुणे आग्रह करतात, तरी नाही. एकदा उघडलं की आतली सगळी वाफ आणि धग जाते आणि वीस मिनिटं वाढतात.

मांडी आतून ८६ अंशांवर आली की उलटायचं. निखाऱ्यांची जाळी उचलून हलकेच झटका, राख झाकणावर पडते. जाळी पेटीच्या लांब दांड्यांवर ठेवा, झाकण काढून राख पत्र्याच्या डब्यात ओता. ही राख हटवणं विसरू नका, निखाऱ्यांखाली राख साचली की ती धग अडवते. दोघांनी चामड्याचे हातमोजे घालून जाळीसकट जनावर उलटायचं. आता कातडी वर. धारदार सुरीने कातडीला फुलीच्या आकाराचे छेद द्या, फक्त कातडीपुरते, मांसापर्यंत नाही, म्हणजे खालची चरबी वाट काढून वर येते. परत झाकण, परत निखारे. आता मात्र दहा मिनिटांनी कोपरा उचलून बघा. कातडी फुगून सोनेरी तांबूस व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, पण शेवटच्या पाच मिनिटांत सोनेरीचं काळं होतं, म्हणून तेव्हा कुणीतरी पेटीपाशी उभंच राहायचं.

चुलीशेजारी लहान मुलं नकोत. आणि हे सगळं उघड्यावर करा. पार्किंगमध्ये, शेडचं शटर लावून, कधीच नाही. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही आणि माणूस मारतो.

विचारा काय विचारायचं ते.

---

नवखा_खवय्या

जबरदस्त धागा. वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. मांस ६३ अंशांना शिजतं असं कुठेतरी वाचलं होतं, मग ८६ कशाला? आणि कातडी आधी खाली का? आधीच वर ठेवली तर जास्त वेळ कुरकुरीत व्हायला मिळेल ना?

---

मखमलाबादकर

६३ अंश हे सुरक्षित होण्याचं तापमान, तेही अखंड तुकड्यासाठी आणि नंतर तीन मिनिटं विसावा देऊन. आख्ख्या जनावरात खांदा आणि मांडी असते, तिथे स्नायूंमधली कोलॅजनची जाळी विरघळून मऊ जिलेटिन व्हावी लागते. ते ६३ ला होत नाही. ऐंशीच्या पुढे गेल्यावर मांस हाताने सुटतं.

कातडीचं म्हणाल तर, तीही कोलॅजनच आहे. आधी तिला ओल्या, सौम्य उष्णतेत मऊ व्हावं लागतं. पेटीत सगळ्यात कडक धग वरच्या बाजूला असते आणि खाली त्यामानाने कमी, शिवाय खाली रस आणि वाफ. म्हणून पहिले तीन तास कातडी खाली. मग वर आणून कोरडी, कडक धग दिली की आतलं उरलेलं पाणी वाफ होऊन ती फुगते. पहिल्यापासून वर ठेवली तर मऊ व्हायच्या आधीच वाळते आणि चामड्यासारखी चिवट राहते.

---

अंबडचा_फिटर

मी स्वतः शीट मेटलच्या धंद्यात आहे म्हणून पत्र्याबद्दल लिहितो, कारण इथेच लोक पैसे वाचवायला जातात.

जीआय पत्रा नको. अंबड-सातपूरला कुणाकडेही गेलात तर तो पहिल्यांदा जीआयच दाखवेल, स्वस्त आणि वाकवायला सोपा म्हणून. त्यावर जस्ताचा थर असतो. लिंबाच्या रसाने आणि मिठाने तो सुटतो, आणि झाकणावर तर निखारे आहेत. जस्त ४२० अंशांना वितळतं, निखाऱ्याखालचा पत्रा त्या वर सहज जातो. ती वाफ श्वासात गेली की वेल्डरला ताप भरतो, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. खाण्याच्या वस्तूजवळ तर नकोच नको.

आतलं अस्तर स्टेनलेस ३०४, अठरा गेज. झाकण सोळा गेजचं, चारही बाजूंना दोन इंच काठ वळवून, आणि खाली दोन आडव्या पट्ट्या, नाहीतर पहिल्याच वेळी झाकण धगीने वाकतं आणि फट पडते. आतलं माप साडेतीन फूट लांब, पावणेदोन फूट रुंद, एक फूट खोल ठेवलं तर पंचवीस किलो नीट बसतं. प्लाय १९ मिलिमीटरचा. पत्रा थेट प्लायला चिकटवू नका, मध्ये अर्ध्या इंचाची हवेची फट ठेवा, लाकूड गरम होत नाही. सांध्यांना टिग वेल्डिंग करून घ्या आणि आतून घासून गुळगुळीत करा. खडबडीत सांध्यात चरबी अडकते आणि पुढच्या वेळेपर्यंत खवट होते.

दांड्या लांब ठेवा, फूटभर बाहेर. मखमलाबादकरांनी लिहिलंय तसं निखाऱ्यांची जाळी त्यांच्यावरच टेकवायची असते.

---

मियामीत_नाशिककर

गंगापूर रोडवर वाढलो, आता मियामीत आहे. इथे क्यूबन शेजाऱ्यांकडे ही पेटी बघितलीय आणि त्यांच्यासोबत भाजलंयही, म्हणून थोडी भर घालतो.

इथल्या क्यूबन घरांत २४ डिसेंबरच्या रात्री आख्खं डुक्कर हेच मुख्य जेवण. सोबत भात आणि काळ्या घेवड्याची उसळ, आणि उकडलेला कसावा, वरून लसूण-संत्र्याचा रस. कसावा म्हणजे आपण ज्याचा साबुदाणा खातो तोच कंद. गुएरा नावाच्या पितापुत्रांनी १९८० च्या दशकात ही पेटी इथे बनवून विकायला सुरुवात केली. वडिलांनी हवानाच्या चिनी वस्तीत अशी पेटी पाहिली होती असं ते सांगतात. चिनी मजूर क्यूबात १८४७ पासून उसाच्या मळ्यांवर आले, त्यामुळे हवानात चिनी वस्ती मोठी होती.

कृती मखमलाबादकरांनी लिहिली तीच. एकच जास्तीची गोष्ट: शेजारचे आजोबा कान आणि शेपटी अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळतात आणि शेवटच्या टप्प्यात काढतात. नाहीतर कान आधी कोळसा होतात, आणि त्यांच्याकडे कान सगळ्यात थोरल्या माणसाला वाढतात.

---

पंचवटीकर

विषय वाचून मन खट्टू झालं, हे प्रामाणिकपणे लिहितो. नाशिक तीर्थक्षेत्र आहे. रामकुंडावर देशभरातून लोक येतात. आपापल्या घरी कोणी काय खावं यावर माझं काही म्हणणं नाही, पण जाहीर चर्चा करताना एवढं भान असावं.

---

मखमलाबादकर

पंचवटीकर काका, तुमच्या भावनेचा मान ठेवूनच लिहितो. आम्ही हे शेतावर करतो, वस्तीपासून लांब, शेजारच्या मळेकऱ्यांना आधी विचारून. सणवार, एकादशी पाहून तारीख ठरवतो. सोसायटीच्या गच्चीवर किंवा घाटाच्या आसपास कुणी हे करू नये असं माझंही ठाम मत आहे, आणि मूळ धाग्यात ते लिहायला हवं असं तुमच्यामुळे लक्षात आलं, म्हणून इथे नोंदवतो.

---

वसईची_लेक

पंचवटीकर काका, मी नाशिकरोडला सून म्हणून आले, माहेर वसईचं. नाशिकला ख्रिस्ती वस्ती आजची नाही. शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवलं. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत मुंबई-वसई-गोव्याहून किती माणसं येतात ते तुम्ही पाहिलं असेल. आमच्या घरात लग्न आणि नाताळ डुकराच्या मांसाशिवाय होत नाही, आणि त्याच घरात शेजारच्या गणपतीचे मोदकही येतात. दोन्ही नाशिकचंच आहे.

आता पाककृतीबद्दल. मखमलाबादकर दादा, काळीज, हृदय, जीभ, रक्त यांचं काय करता? खाटकाकडेच सोडू नका हो! त्याचंच सोरपोतेल होतं. काळीज-हृदय आधी उकडून अगदी बारीक चौकोनी तुकडे करायचे, चरबीत परतायचे, आणि मिरची, जिरं, मिरी, दालचिनी, लसूण व्हिनेगरमध्ये वाटून लावायचं. करायच्या दिवशी ते खायचं नसतं. रोज एकदा मंद गरम करून तिसऱ्या दिवशी खायचं, व्हिनेगर मुरतं तेव्हाच चव लागते. सोबत फुगे. मैद्याचं आंबवलेलं सैल पीठ हाताच्या मुठीतून सोडून तळलेले, आतून पोकळ.

म्हणजे भाजायच्या तीन दिवस आधी जनावर कापलं गेलं तर काळजाचं आधी करून ठेवता येतं. पण तुमचं मांस इतके दिवस थांबणार नाही, म्हणून खाटकाकडून काळीज वेगळं, आधी मागवायचं.

आणि मसाल्याचं: संत्र्याचा रस छान असेल, पण आमचा बाटली मसाला कातडीखाली एकदा लावून बघा. आतल्या बाजूने, रसात कालवून.

---

मखमलाबादकर

ताई, हे सोरपोतेलाचं वेळापत्रक सोन्यासारखं आहे. बाटली मसाला आतून नक्की लावतो. बाहेरून कुठलाही मसाला मात्र नको, शेवटच्या अर्ध्या तासात तो करपतो. कातडीला फक्त मीठ.

---

डॉ_पशुधन

पशुवैद्यक आहे. काही गोष्टी स्पष्ट लिहिणं मला गरजेचं वाटतं.

१) डुकराच्या मांसातून "मेंदूत जंत जातात" हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण कसे जातात ते बहुतेकांना चुकीचं माहीत असतं. टीनिया सोलियम नावाचा पट्टकृमी आहे. कच्चं किंवा अर्धकच्चं बाधित मांस खाल्लं तर माणसाच्या आतड्यात तो मोठा जंत होतो. मेंदूतल्या गाठी मात्र होतात त्या जंताची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी येतात बाधित माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेल्या हातांतून, मैलापाण्यावरच्या भाजीतून. आयुष्यात डुक्कर न खाल्लेल्या माणसालाही त्या होतात. म्हणून मांस नीट शिजवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच जेवण रांधणाऱ्याचे हात आणि सोबतची कच्ची कोशिंबीर, कोबी नीट धुणं महत्त्वाचं.

२) मोकाट डुक्कर नको हे मखमलाबादकरांनी लिहिलं ते शंभर टक्के बरोबर, आणि कारण हेच: उघड्यावरची विष्ठा खाऊन त्यालाच हे कृमी होतात. कापलेल्या मांसात तांदळाच्या दाण्याएवढे पांढुरके फोड दिसले तर ते जनावर खायचं नाही. भाजूनही नाही, पैसे गेले तरी चालेल.

३) मांडीत आतपर्यंत ८६ अंश गाठलं तर कृमीची भीती उरत नाही. पण थर्मामीटर हवाच. रंगावरून, रसावरून ओळखता येतं असं म्हणणाऱ्यांवर विसंबू नका.

४) आफ्रिकन स्वाइन फीव्हर आपल्या देशात २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा सापडला. तो माणसाला होत नाही, पण डुकरांचे कळप संपवतो आणि मांसाच्या खरकट्यातून पसरतो. जेवण झाल्यावर हाडं, उरलेली कातडी, आतडी कुठल्याही डुकराला घालू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. ज्या पालकाने तुम्हाला चांगलं जनावर दिलं त्याचा धंदा यावर अवलंबून आहे.

---

नवखा_खवय्या

आमच्या पेठच्या बाजूला रानडुकरांचा सुळसुळाट आहे, शेताची वाट लावतात. ते चालेल का पेटीत?

---

डॉ_पशुधन

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार रानडुकराची शिकार आणि मांस बाळगणं हा गुन्हा आहे. शेतीचं नुकसान होत असेल तर वन खात्याकडे पंचनामा करून भरपाईचा अर्ज करा. शिवाय त्या जनावराची कुणी तपासणी केलेली नसते आणि ट्रायकिनेला या मांसातून येणाऱ्या जंताचा धोका रानडुकरात जास्त. या धाग्यावर तो विषय नको, ही विनंती.

---

निफाडचा_बागायतदार

कोळशाबद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो.

वेड्या बाभळीचा लाकडी कोळसा घ्या. मोठे तुकडे वर, चुरा वेगळा काढून ठेवा. चुरा लवकर राख होतो आणि मखमलाबादकरांनी म्हटलं तसं ती राख धग अडवते. करवंटीच्या कोळशाच्या गोळ्या असतात त्या संथ आणि एकसारख्या जळतात, त्याही उत्तम, पण पेटायला वेळ घेतात. दगडी कोळसा अजिबात नको, गंधकाचा धूर.

आणि आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी झाली की द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडतात. त्या वाळल्या की रॉकेलशिवाय कोळसा पेटवायला इतकं चांगलं दुसरं काही नाही, कडकडीत जाळ होतो. ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्या हिवाळ्यात वापरायला ठेवल्यात. एक काळजी: आमच्या बागांवर बोर्डो मिश्रण, गंधक आणि काय काय फवारलेलं असतं. उघड्या जाळीवर मांस भाजताना या काड्यांचा धूर मी मांसाला लागू देणार नाही. पण या पेटीत धूर वरच्या वर जातो, मांस बंद आहे. तरीसुद्धा काड्या पूर्ण जळून जाईपर्यंत वाऱ्याच्या दिशेला कुणाला बसवू नका.

वाऱ्याचंही बघा. गंगापूर धरणाच्या बाजूला दुपारनंतर जोराचा वारा सुटतो, निखारे एका बाजूला जास्त जळतात. पेटी आडवी लावा आणि वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा करा.

---

सळईवाला_इगतपुरी

सगळं मान्य, पण माझं स्पष्ट मत: या पेटीत धुराची चव नाही. सळईवर बाभळीच्या विस्तवावर भाजलेल्या मांसाला जो वास असतो तो हिच्यात येणारच नाही. वेळ वाचवायचा असेल तर मग कुकर काय वाईट?

---

मखमलाबादकर

धुराची चव नाही, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. ज्याला धूरच हवा त्याने सळईच करावी, तिची चव वेगळी आणि थोर आहे. पण सळईवर मांडी शिजेपर्यंत बरगड्या सुकतात, आणि तुमच्यासारखा हात बसलेला माणूस दर गावात नसतो. कातडी आणि रसाळपणा, यात पेटी मला जास्त खात्रीची वाटते. कुकरशी तुलना मात्र मान्य नाही, कुकरमध्ये कातडी रबर होते.

---

सीकेपी_स्वयंपाकघर

विषय डुकराचा असला तरी वरून धग देणं आपल्याला परकं नाही, हे सांगायला आले. आमच्याकडे निनावं (बेसन, गूळ आणि नारळाच्या दुधाचा भाजलेला गोड पदार्थ) पूर्वी असंच व्हायचं. खाली मंद निखारे, झाकणावर जास्त निखारे. पाठारे प्रभूंचं भानोळंही तसंच. वरचे निखारे कमी पडले की वरचा थर पांढराफटक राहतो. आजीचा नियम होता की वरचा विस्तव खालच्यापेक्षा दुप्पट. ओव्हन आल्यापासून हे कुणी करत नाही, पण हात ठेवून धग ओळखायची तिची पद्धत अजून आठवते: झाकणापासून वीतभर वर तळहात धरायचा आणि किती वेळ टिकतो ते बघायचं.

मखमलाबादकर, या पेटीत शाकाहारी काय करता येईल?

---

मखमलाबादकर

बरंच काही. शेतावर येणाऱ्यांत निम्मे न खाणारे असतात, त्यांच्यासाठी वेगळी, छोटी पेटी ठेवतो, ती कधीच मांसाला वापरत नाही. भरीत करायची जळगावची मोठी वांगी, आख्खे कांदे सालीसकट, रताळी, लाल भोपळ्याच्या फोडी तेल-मीठ लावून. सव्वा तासात रताळ्याची साल सुटून मध बाहेर यायला लागतो. कांदा तर असा गोड होतो की लासलगावच्या माणसानेही मागून घ्यावा.

---

नवखा_खवय्या

आणि बोकड? आमच्या घरात डुक्कर चालणार नाही, पण बोकडाला सगळे तयार आहेत.

---

मखमलाबादकर

बोकडात चरबी कमी, आणि कातडी तर आपण काढूनच टाकतो. म्हणजे ज्या दोन गोष्टी डुकराला या पेटीत वाचवतात त्या बोकडाकडे नाहीत. करायचंच असेल तर दहा-बारा किलोचा कोवळा घ्या, दही-आलं-लसूण आणि काळा मसाला लावून रात्रभर बर्फात ठेवा, वरून केळीची पानं आणि त्यावर फॉइल घालून मगच झाकण लावा. पहिला कोळसा पाच किलोच, पुढे दर तासाला अडीच. शेवटची वीस मिनिटं पानं काढून तूप फिरवा. कोंबड्या मात्र कातडीसकट या पेटीत सुरेख होतात. मधून कापून सपाट करा, दीड तासाच्या आसपास होतात, मांडीत ७४ अंश बघा.

---

वसईची_लेक

दादा, एक राहिलंच. खालच्या ट्रेमधली चरबी फेकता की काय?

---

मखमलाबादकर

छे, कशी फेकेन! उलटायच्या वेळी ट्रे बाहेर काढतो, कारण शेवटच्या कडक धगीत ती करपते. गरम असतानाच दोन पदरी मलमलमधून स्टीलच्या डब्यात गाळायची. तळाशी रस बसतो, तो काढून मांसावरच ओततो, आणि वरची चरबी थंड झाल्यावर पांढरी घट्ट होते, ती फ्रिजमध्ये ठेवायची. रसाचा थेंब राहिला तर मात्र खराब होते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा मंद आचेवर वितळवून पाणी पूर्ण आटवून घ्या. तुमच्या पुढच्या सोरपोतेलाच्या तुकड्यांना परतायला हीच घ्या, बाजारातून वेगळी आणायची गरज नाही.

---

वसईची_लेक

मग नाताळाच्या आधीच्या रविवारी काळीज मी आणते. फुगे तळायलाही दोन हात जास्त लागतील, कुणी नाशिकरोडवरून येणार असेल तर इथेच लिहा.

---

अंबडचा_फिटर

मी येतो. पत्र्याचा वारा अडवायचा पडदाही घेऊन येतो.